गोबरगॅस मंद येतो, फुरफुरतो, लवकर संपतो: तपासणी कुठून सुरू करायची

फोन नेमका संध्याकाळी येतो. भाकऱ्या थापायच्या वेळेला. पलीकडून कुणी वहिनी नाहीतर कुणाची सून असते आणि वाक्य ठरलेलं असतं: "दादा, टाकी बिघडली, गॅसच येत नाय." मुरबाड, शहापूर, कल्याणच्या ग्रामीण पट्ट्यात मी गोबरगॅसच्या टाक्या आधी बांधल्या आणि आता बांधण्यापेक्षा दुरुस्तच जास्त करतो. एवढ्या फोनांनंतर सांगतो, टाकी सहसा बिघडलेली नसते. बिघाड असतो तो शेगडीत, नळीत नाहीतर शेणाच्या पाटीत. घुमटाला तडा गेलेला मला क्वचित सापडतो, पण घरच्यांची पहिली शंका त्याच्यावरच असते. मग कुणीतरी फावडं घेऊन घुमटावरची माती उकरायला लागतो आणि नसलेलं दुखणं तयार होतं.

आपल्याकडे बहुतेक टाक्या दीनबंधू पद्धतीच्या आहेत. अख्खी टाकी जमिनीखाली, वर विटांचा पक्का घुमट. १९८४ साली 'अफप्रो' या संस्थेनं हे मॉडेल काढलं, स्वस्त म्हणून गावोगाव गेलं. जुन्या वाड्यांवर अजून लोखंडी ड्रमवाल्या, खादी आयोगाच्या टाक्या दिसतात. खाली लिहिलंय ते मुख्यतः दीनबंधूसाठी, ड्रमचं वेगळं असेल तिथे सांगतो.

लक्षणं आधी नीट बघा

"गॅस येत नाही" याचे किमान सहा अर्थ होतात. आपला कुठला, ते आधी ठरवा.

ज्योत नाचते, मोठी होते, बारीक होते, नळीतून गुडगुड ऐकू येते. हे नळीतलं पाणी. जवळजवळ खात्रीनं.

ज्योत पिवळी, लांब, भांड्यांची बुडं काळी. हवा कमी मिळतेय. काम शेगडीतच आहे.

ज्योत बर्नरपासून उचलली जाते, फुस्स आवाज करते आणि विझते. दाब जास्त किंवा हवा जास्त. सकाळी पहिल्या चहाला असं होत असेल तर टाकी चांगली भरलीय, रडू नका.

गॅस येतोय, वासही येतोय, पण काडी लावली तर पेटत नाही. गॅसमध्ये जळणारा मिथेन कमी आणि न जळणारा कार्बन डायऑक्साइड जास्त. नवीन टाकीत पहिले काही दिवस हे होतंच. जुन्या टाकीत झालं तर आत काहीतरी आंबलंय.

सकाळी झकास पेटतो, अर्ध्या-पाऊण तासात संपतो, संध्याकाळी पुन्हा तेच. शेण कमी पडतंय, नाहीतर रातोरात कुठून तरी गळतोय.

एका दिवसात एकदम बंद. कॉक, नळी, उंदीर. टाकीतले जिवाणू एका रात्रीत मरत नाहीत.

ही लक्षणं एकात एक मिसळतात, म्हणून फोनवर मला कुणी नुसतं "कमी येतो" सांगितलं की मी आधी ज्योतीचा रंग विचारतो.

तीन मीटर पारदर्शक नळी

कुठल्याही तपासणीआधी हे एक साधन करून ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात बोटाएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी मिळते, लेव्हलसाठी गवंडी वापरतात ती. तीन मीटर घ्या. एका फळीवर ती इंग्रजी 'यू' आकारात खिळ्यांनी बांधा, दोन्ही बाजू सव्वा-सव्वा मीटर उंच. उरलेली नळी शेगडीच्या रबरी नळीला जोडायला ठेवा. मधोमधपर्यंत पाणी भरा आणि त्यात चिमूटभर कुंकू टाका, म्हणजे पातळी लांबून दिसते. दुसरं टोक उघडंच ठेवायचं. शेजारी मोजपट्टी चिकटवली की झालं दाबमापक.

शेगडी बंद करून रबरी नळी या फळीला जोडा, घरातला कॉक हळूच उघडा. एका बाजूचं पाणी खाली जाईल, दुसरीकडचं वर चढेल. दोन पातळ्यांतला फरक म्हणजे दाब. शेगडीला ८ ते १० सेंटीमीटर फरक पुरतो. दीनबंधू टाकी काठोकाठ भरलेली असली की हा फरक मीटरभराच्या जवळपासही जातो, म्हणून नळी उंच घ्यायला सांगितली. आखूड नळी लावलीत तर लाल पाणी भिंतीवर उडतं. माझ्या एका मावशीच्या नव्या चुन्याच्या भिंतीवर तो डाग अजून आहे आणि मी गेलो की चहाबरोबर तो दाखवला जातो.

ड्रमच्या टाकीत दाब ड्रमच्या वजनावर ठरतो, त्यामुळे तो दिवसभर साधारण एकच राहतो, १० सेंटीमीटरच्या आसपास. दीनबंधूत गॅस वापरला की दाब उतरत जातो. हे माहीत नसलं की माणूस दुपारची मंद ज्योत बघून बिघाड समजतो.

आता या नळीचा खरा उपयोग. दाब भरपूर आहे आणि तरी ज्योत वाईट, तर टाकीचा काही दोष नाही, शेगडीत बघा. दाब नाहीच, तर बाहेर जाऊन आउटलेटच्या, म्हणजे पचलेलं शेण बाहेर येतं त्या हौदात डोकवा. दीनबंधूत गॅस साचला की तो स्लरीला, म्हणजे आतल्या पातळ शेणाला ढकलतो आणि आउटलेटमधली पातळी चढते. सकाळी ती पातळी वर आहे म्हणजे गॅस घुमटात आहे, घरात पोचत नाही एवढंच. पातळीही खाली, तर गॅस तयारच होत नाही किंवा घुमटाकडून निसटतोय. अर्ध्याहून जास्त कोडी इथेच सुटतात.

शेगडी

पहिला खर्च शून्य. बर्नर काढा, भोकं जुन्या टूथब्रशनं घासा, भाताची पेज उतू जाऊन ती बुजलेली असतात. मागचं जेट बारीक तारेनं साफ करा, पण रेटू नका. भोक मोठं झालं तर मग गॅस जास्त खाईल आणि ज्योत पिवळी होईल. हवेची चकती फिरवून ज्योत निळी करा. निळी, आखूड, किंचित आवाज करणारी ज्योत हवी.

इथे एक चूक फार बघतो. लग्नात मिळालेली, चकचकीत काचेची एलपीजीची शेगडी गोबरगॅसला जोडलेली असते. तिच्या जेटचं भोक बारीक असतं. गोबरगॅसमध्ये मिथेन ५० ते ६५ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. उष्णता कमी, म्हणून तेवढ्याच आचेला गॅस जास्त लागतो आणि भोक मोठं लागतं. बारीक भोकातून मेणबत्तीएवढी ज्योत येणार, दुसरं काय. शेगडी बायोगॅसची आहे का, एवढं विचारून घ्या. ती दिसायला बेंगरूळ असते, पण भाकरी भाजते.

नळीतलं पाणी

टाकीतून निघणारा गॅस उबदार आणि ओला असतो. नळीत आला की गार होतो, वाफेचं पाणी होतं आणि ते नळीच्या सगळ्यात खोल जागी जाऊन बसतं. गॅसला त्या पाण्यातून बुडबुडे काढत यावं लागतं, म्हणून ज्योत नाचते. पावसाळ्यात आणि थंडीच्या रात्री हे जास्त.

म्हणूनच बांधताना नळीच्या सर्वांत खोल जागी पाणी सोडायला टी (तीन तोंडांचा सांधा) आणि कॉक ठेवलेला असतो, ज्याला वॉटर ट्रॅप म्हणतात. तो कुठे आहे हे घरात फक्त ज्यानं टाकी बांधून घेतली त्याला माहीत असतं, आणि तो माणूस आता ठाण्याला नोकरीला असतो. शोधा. बहुधा घराच्या पायरीपाशी, तुळशीमागे, एखाद्या फरशीखाली. घुमटावरचा मुख्य कॉक बंद करा, चूल-विडी विझवा, मग ट्रॅपचा कॉक उघडून पाणी निथळू द्या. पावसाळ्यात आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी.

पाणी काढूनही दोन दिवसांत पुन्हा गुडगुड सुरू झाली तर नळीला कुठेतरी झोळ पडलाय. नळीचा उतार ट्रॅपच्या दिशेनं हवा, दर मीटरला किमान एक सेंटीमीटर. सरळगावच्या बाजूला एका घरी मी तीन वेळा गेलो. ट्रॅप कोरडा, दाब ठीक, ज्योत नाचतेच. चौथ्या खेपेला पाऊस होता म्हणून पडवीत बसलो आणि समोर म्हैस गोठ्याकडे जाताना बघितली. नळी जमिनीत जेमतेम वीतभर खोल, आणि म्हशीचा रस्ता नेमका तिच्यावरून. पावसानं माती मऊ झाली, रोज दोन वेळा खूर दाबून दाबून तिथे नळीला बशीसारखा खळगा झाला होता. पाणी त्या बशीत. नळी उचलून दगडी पट्टीवर घेतली, तेव्हापासून त्या घरचा फोन बैलाच्या बाजारभावाची चौकशी करायला येतो.

गळती: साबण लावा, काडी नाही

भांडी घासायच्या साबणाचा फेस करा. घुमटावरचा कॉक, प्रत्येक सांधा, टी, घरातला कॉक, रबरी नळीची दोन्ही टोकं, सगळीकडे ब्रशनं लावा. फुगे आले तिथे गळती. रबरी नळी हातात घेऊन वाकवून बघा, उन्हानं आणि जुनेपणानं चिरा पडतात. उंदीर कुरतडतात ते मागच्या बाजूनं, भिंतीकडून. नळी बदलायला लागणारा पैसा एका वेळच्या माझ्या फेरीपेक्षा कमी आहे.

काडी पेटवून गळती शोधायची नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झालं की ते भडकतं, आणि पडवीत किंवा माजघरात ते किती झालंय हे नाक सांगत नाही. नवीन टाकीचा किंवा साफ केलेल्या टाकीचा पहिला गॅस पेटवू नये, सोडून द्यावा, तेही याचसाठी: त्यात आतली हवा मिसळलेली असते.

रात्रीची एक परीक्षा करा. झोपताना नळीवर दाब मोजा, घुमटावरचा कॉक बंद करा, शेगडीही बंद. सकाळी कॉक न उघडता पुन्हा मोजा. दाब बराच उतरला तर कॉक ते घर या भागात गळती आहे. जसाच्या तसा आहे तर लाइन शाबूत, आता मागे टाकीकडे चला.

शेण वजन करा, अंदाज नको

इथे घरोघरी भांडण होतं, कारण प्रत्येकाला वाटतं आपण भरपूर शेण टाकतो.

हिशोब सोपा आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस. दोन घनमीटरच्या, म्हणजे रोज दोन हजार लिटर गॅस देणाऱ्या टाकीला रोज ५० किलो शेण हवं आणि तेवढंच पाणी. एका माणसाच्या स्वयंपाकाला दिवसाला पाव घनमीटर लागतो, म्हणजे पूर्ण भरलेली ही टाकी सात-आठ माणसांचं रांधते. एक मोठा बर्नर तासाला साडेचारशे लिटरच्या आसपास खातो.

एका काकूंनी मला ठणकावून सांगितलं, "रोज दोन पाट्या टाकते, देवाशपथ." मी ताणकाटा काढला. त्यांची पाटी भरली ११ किलो. दोन पाट्यांचे २२. गॅस पाऊण-एक घनमीटर, बर्नरला दोन तास. त्यांना मिळतही तेवढाच होता. टाकी बिचारी पै-पैचा हिशोब देत होती.

शेण कमी का पडतं, हे आपल्या भागात ऋतूवर आहे. दिवाळीनंतर भात कापून झालं की गुरं मोकळी सोडतात, अर्धं शेण रानात पडतं. माघ-फाल्गुनात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, शेण, पालापाचोळा जमिनीवर पसरायचा असतो, तेव्हा पाट्या टाकीऐवजी शेतावर जातात. शिवाय गोवऱ्या. आणि पौषात म्हसाच्या जत्रेत एक बैलजोडी विकली की घरातली गुरं चारावरून दोनावर येतात, टाकी मात्र चार गुरांच्या हिशोबानंच बांधलेली. हे सगळं बरोबरच आहे, शेती आधी. फक्त मग शिमग्याला गॅस कमी आला तर घुमटाकडे संशयानं बघू नका. राबाला जायच्या आधी गोबरगॅसची स्लरी वापरून बघा, शेण टाकीतून फिरून आलं तरी त्यातलं नत्र शिल्लक असतं.

ठरलेल्यापेक्षा जास्त शेण रेटणं हीसुद्धा चूक. चाळीस दिवसांच्या हिशोबानं बांधलेल्या दोन घनमीटरच्या टाकीत शेण-पाण्याचा रोजचा १०० लिटर काला जातो, म्हणजे आत ४,००० लिटर पचत असतं. तुम्ही दुप्पट ओतलंत तर काला वीस दिवसांत, अर्धा कच्चाच बाहेर येतो. ओळखायचं कसं? चांगल्या स्लरीला शेणाचा वास येत नाही आणि माश्या बसत नाहीत. आउटलेटवर माश्या घोंगावत असतील तर शेण न पचता बाहेर आलंय.

काला हातानं कालवा. गुठळ्या फोडा, पेंढ्याच्या काड्या, दगड, वाळू काढा. आंबोळीच्या पिठाइतका दाट हवा. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यानं शेण आधीच पातळ असतं, तेव्हा पाणी कमी. पातळ काल्यात शेण तळाला बसतं आणि पाणी नुसतं फिरून बाहेर जातं.

आत काय गेलं?

गोठा धुताना फिनेल वापरता का? कपड्यांच्या साबणाचं पाणी त्याच गटारातून शेण कालवायच्या कुंडीत येतं का? गायीला सडाच्या रोगावर प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू होती का? टाकीतलं सगळं काम जिवाणूंचं आहे. जे औषध गायीच्या सडातले जंतू मारतं, ते शेणातून टाकीत जाऊन या जिवाणूंनाही सोडत नाही. औषध चालू असेपर्यंत आणि नंतर आठ दिवस त्या जनावराचं शेण उकिरड्यावर टाका.

संडास टाकीला जोडू का, असं दबक्या आवाजात विचारतात. खुशाल जोडा. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस काढून वापरात आणला होता, आपण काही जगावेगळं करत नाही. पण संडास धुवायचं ॲसिड मग कायमचं बंद, आणि स्लरी उघड्या हातानं भाजीच्या वाफ्यात टाकायची नाही.

बदलापूर आणि मुरबाड रस्त्याच्या फार्महाऊसवरून वेगळीच तक्रार येते. शनिवार-रविवारी पाहुणे, सोमवारी टाकीत बादलीभर शिळा भात, पाव, आंब्याच्या साली. अन्न शेणापेक्षा फार भराभर आंबतं. आधी एक जिवाणू आम्ल तयार करतात आणि मग दुसरे जिवाणू त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिले धावतात, दुसरे रेंगाळतात, आणि टाकी आंबते. गॅस भरपूर, दाबही चांगला, पण पेटत नाही. आउटलेटला आंबूस, उग्र वास. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच तपासायचं छोटं किट मिळतं, ते आणा. पीएच ६.८ ते ७.५ असेल तर ठीक. साडेसहाच्या खाली गेला तर आठ-दहा दिवस टाकीत काहीही टाकू नका, रोज बांबूनं ढवळा, जवळपासच्या चालू टाकीतली शंभरेक लिटर स्लरी आणून ओता. चुन्याची निवळी थोडी थोडी चालते, चुन्याची पिशवी नाही. मग शेणानंच पुन्हा सुरुवात करा.

"मग ते भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण कसं नुसत्या ओल्या कचऱ्यावर चालतं?" असं ठाण्याहून आलेला एखादा इंजिनीअर पाहुणा विचारतोच. त्यात कचरा आधी वाटून वेगळ्या टाकीत हवा देऊन, गरम ठेवून पचवतात, मग तो मुख्य टाकीत जातो. आपल्या दीनबंधूला ती पहिली टाकी नाही.

थंडी

पौषात माळशेजच्या पायथ्याच्या गावांत गॅस उतरतो, हे दुखणं नव्हे. हे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास खुशीत असतात, वीसच्या खाली सुस्तावतात. शेण सकाळी गार पाण्यात कालवण्याऐवजी दुपारी, उन्हात ठेवलेल्या पाण्यात कालवा. घुमटावर पेंढ्याचा जाड थर टाका. संक्रांतीनंतर आपोआप सुधारतं. तोवर एक वेळ चूल.

वरची साय आणि तुंबलेला रस्ता

आउटलेटमधून पाण्यासारखं पातळ येतंय, गॅस कमी, आणि तुम्ही पेंढा न निवडता शेण टाकत आलात, तर आत वर जाड साय धरलीय. तिच्यातून गॅसचे बुडबुडे नीट वर येत नाहीत. लांब बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधा आणि इनलेटच्या (काला आत जातो त्या) पाइपातून खालीवर घुसळा, आउटलेटमधूनही. रोज वीस-पंचवीस वेळा, आठवडाभर. ड्रमची टाकी असेल तर रोज ड्रम अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवा. ड्रमवाल्यांनो, दर वर्षी पावसाआधी ड्रमला रंगही मारा. गॅसातल्या हायड्रोजन सल्फाइडनं तो आतून आणि पावसानं बाहेरून गंजतो.

कुंडीत ओतलेला काला आत सरकतच नसेल तर इनलेट तुंबलाय, तोही बांबूनंच मोकळा होतो. ओणवं होऊन आत हात-डोकं घालायचं नाही.

पावसाळ्यात पागोळीचं पाणी आउटलेटमध्ये पडतंय का, तेही बघा. पडत असेल तर पत्र्याचा तुकडा टाका आणि भोवती चर मारा.

इथे थांबा

वरचं सगळं केलं, शेण मोजून टाकलं, लाइन घट्ट आहे, आणि पंधरा-वीस दिवसांनीही सुधारणा नाही, तर पुढचं काम घरच्यांचं नाही. खालीलपैकी काही दिसलं तर पंधरा दिवसही थांबू नका.

घुमटावरच्या ओल्या मातीतून बुडबुडे येत असतील तर घुमटाला चीर आहे. उन्हाळ्यात काला टाकूनही स्लरीची पातळी आउटलेटच्या तोंडाखाली जात राहिली तर टाकी पाझरते, आणि जवळ विहीर असेल तर ते पाणी पिणं आजच बंद. पावसात काही न टाकता पातळी चढली तर भूजल आत शिरतंय. घुमट आतून पुन्हा गिलावा करून रंगवावा लागतो, आणि ते काम टाकी रिकामी केल्याशिवाय होत नाही. वर्षानुवर्षं साचलेली वाळू-माती काढणंही त्यातच आलं.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. स्लरी उपसली तरी आत प्राणवायू नसतो, आणि तळाचा गाळ हलला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्याचा वास येतोय तोवर माणूस सावध असतो. वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. दोन श्वासांत माणूस खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. घमेलं पडलं, बादली पडली, वासरू पडलं, तरी उतरायचं नाही. मी स्वतः एकदा, शिकाऊ असताना, फावडं काढायला पाय आत टाकला होता. मिस्त्रींनी कॉलर धरून मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर मुस्कटात दिली. आता मी काम घेतो तेव्हा झाकण उघडून बरेच दिवस टाकी मोकळी सोडतो, ब्लोअरनं हवा मारतो, कंबरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणालाही उतरवत नाही. जो गवंडी "काही होत नाही" म्हणत बनियनवर उतरायला निघेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

टाकी अनुदानातून बांधली असेल तर आधी कागद काढा. राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात टर्न-की पद्धतीनं, म्हणजे सगळं बांधून चालू करून दिलेल्या टाकीला पाच वर्षं मोफत देखभालीची हमी असते, आणि ती मुदत संपायच्या आत गवंड्याला पैसे देण्याचं कारण नाही. प्रशिक्षित गवंडी हवा असेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा.

दुरुस्तीनंतर घाई करू नका. आज टाकलेल्या शेणाचा गॅस महिनाभर थोडा थोडा येत राहतो, म्हणून शेण वाढवलं तरी फरक दिसायला आठ-पंधरा दिवस जातात. आणि मला नाहीतर कुणालाही फोन करताना एवढं हाताशी ठेवा: टाकी किती घनमीटरची, काल टाकलेल्या शेणाचं काट्यावरचं वजन, सकाळी चहाआधी नळीत किती सेंटीमीटर फरक होता, आणि ट्रॅपचं पाणी शेवटचं कधी काढलं. पाट्यांत सांगितलंत तर मी पाटी केवढी ते विचारणार.